मोठ्या बाई झोपल्या होत्या

परभणीची एसटी हिंगोलीच्या स्टँडवर लागली की मी उतरणाऱ्या माणसांकडे बघत नसे. ती सगळी उतरून झाली की मग आत डोकावत असे. खिडकीला डोकं टेकून, मांडीवरची कापडी पिशवी घट्ट धरून, तोंड जरासं उघडं ठेवून एक बाई झोपलेली असे. त्या आमच्या मॅडम. कंडक्टर त्यांना ओळखायचा. तिकिटाचा पंच दांड्यावर वाजवून म्हणायचा, "मावशी, उठा. जेल आलं."

त्या उठत, चष्मा सारखा करत आणि जराही न ओशाळता खाली उतरत. "चला," एवढंच म्हणत. मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही दोघी स्टँडपासून तुरुंगापर्यंत चालत जायचो. त्या वाटेवर त्या फारसं बोलल्याचं मला आठवत नाही. ते मला बरंच होतं. मलाही बोलायला आवडत नसे.

मॅडम मानसशास्त्रज्ञ होत्या. एका संस्थेने आमच्या भागातल्या तुरुंगांत बायकांसाठी समुपदेशनाचं काम घेतलं होतं, आणि त्या कामासाठी त्या परभणी, नांदेड, हिंगोली असं फिरत. हिंगोली तेव्हा नुकती जिल्हा झाली होती. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या होत्या, तुरुंग मात्र जुनाच आणि लहान. बायकांसाठी त्यात एक लांबट खोली आणि तिच्यापुढे भिंतींनी वेढलेलं अंगण. माझे वडील बँकेत होते, बदली होऊन इथे आलेले. मी पुण्यात एम. ए. करून त्यांच्या मागोमाग आले. संस्थेला मॅडमच्या हाताखाली कोणीतरी हवं होतं. गावात माझ्या विषयाची पदवी असलेलं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी. बालवाडीपासून इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठी मला येत होती, पण ती घरातल्या चार माणसांची मराठी होती.

खोलीतल्या बायका त्यांना मोठ्या बाई म्हणत आणि मला लहान बाई. एकमेकींना त्या गावावरून हाका मारत. कळमनुरीवाली, शिरडवाली, गोरेगाववाली. स्वतःची नावं हजेरीपुरती.

पहिल्या दिवशी शिपाईबाईंनी आमच्यासाठी दोन खुर्च्या आणून ठेवल्या. मॅडमनी एक खुर्ची बाहेर नेऊन ठेवली, मग दुसरीही नेली. सतरंजी भिंतीशी ओढली, भिंतीला पाठ लावली, पाय लांब केले. मी वही काढली तर म्हणाल्या, "ती आत ठेवा." मग समोरच्या बायकांकडे बघून म्हणाल्या, "बोला."

कोणी बोललं नाही. मॅडमनी डोळे मिटले. मला वाटलं, ही लक्ष देऊन ऐकण्याची त्यांची पद्धत असेल. असं काही आमच्या पुस्तकात होतं का, ते मी आठवू लागले. तेवढ्यात त्यांच्या नाकातून बारीक शिटीसारखा आवाज यायला लागला.

कळमनुरीवाली पुढे सरकली आणि मान वाकडी करून त्यांच्या तोंडाकडे बघू लागली.

"निजली का गं मोठी बाई?"

"निजली. चष्मा पडून राहिला बघ."

"पडू दे. हात नको लावू. जागी झाली तं पुन्हा गप बसा लागंल."

"अन् ही लहान?"

"ती कुठं बोलून राहिली? बसू दे तिला."

आणि मग त्या बोलायला लागल्या. कोणाला उद्देशून असं नाही. सासूबद्दल, दिराबद्दल, वकिलाबद्दल, घरी राहिलेल्या म्हशीबद्दल. कोणीतरी रडली, दुसरी तिला म्हणाली, "हळू रड, बाई उठंल." मॅडम तासभर तशाच होत्या. उठल्या तेव्हा बायका आपोआप गप्प झाल्या. मॅडमनी पदराने तोंड पुसलं, "बरं," म्हणाल्या आणि आम्ही निघालो.

त्यानंतर मी अनेक मंगळवार आणि शुक्रवार त्यांना झोपताना पाहिलं. एखादा प्रश्न त्या विचारत, तोही झोपण्याआधी: "पोट साफ आहे का? अंघोळीला पाणी मिळालं?" माझ्यावर त्यांनी एकच बंदी घातली होती. खोलीत 'का' म्हणायचं नाही. "आणि इकडचं 'काहून' तर मुळीच नाही," त्या म्हणाल्या. "तो शब्द पोलिसांनी वापरलाय, वकिलांनी वापरलाय, माहेरच्यांनी दारातून वापरलाय. तुम्ही नाही वापरला तर तुमचं शिक्षण वाया जाणार नाही."

सगळ्यांना त्या तुम्ही म्हणत. मला, शिपाईबाईंना, कोवळ्या मुलींनासुद्धा. एका मुलीने सांगितलं, मला अहोजाहो करणाऱ्या तुम्ही पहिल्याच. मॅडम म्हणाल्या, "तसं नाही. तू म्हटलं की जवळचं वाटतं. मग तुम्ही माझ्या जिवाला लागाल. मला तेवढा वेळ नाही."

हे त्या चेष्टेत म्हणाल्या की खरंच, ते मला कधी कळलं नाही. त्यांचा चेहरा दोन्हीला सारखाच असायचा.

शाईच्या डागांची कार्डं माझ्याकडे होती. कार्डावर डाग असतो, त्यात काय दिसतं ते समोरच्याने सांगायचं आणि त्यावरून आपण त्याच्या मनाचा अंदाज घ्यायचा. मी ती पुण्याहून जपून आणली होती आणि एकदा तरी वापरावीत म्हणून रोज पिशवीत घेऊन जायची. एका शुक्रवारी धीर करून विचारलं. मॅडम म्हणाल्या, "दाखवा. करमणूक होईल."

शिरडवालीला पहिल्या कार्डात व्यालेली शेळी दिसली. दुसऱ्यातही शेळीच, पण दुसऱ्याची. कळमनुरीवालीला तहसीलदार दिसले. गोरेगाववालीपुढे कार्ड धरलं तेव्हा मला वाटलं, ही काही सांगणार नाही, कारण ती बोलतच नसे. तिने कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, उजेडात धरलं.

"शाई सांडली," ती म्हणाली. "पुसली काहून न्हाई?"

मॅडम हसल्या. मी त्यांना हसताना तेवढं एकदाच पाहिलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, मग माझ्या हातातून कार्डं घेतली आणि बायकांमध्ये वाटून टाकली. उन्हाळा होता, खोलीतला पंखा बंद होता. त्या दिवसापासून त्या कार्डांनी बायका वारा घेत. माझी ती कार्डं मला परत मिळाली नाहीत.

आणखी एक आठवतं. एकदा वरून कोणी साहेब पाठवले होते, श्वासाचे व्यायाम शिकवायला. पांढरा झब्बा, आवाज गोड. त्यांनी बायकांना रांगेत बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. एकीनेही मिटले नाहीत. अनोळखी पुरुषासमोर कोण डोळे मिटणार? ते मात्र स्वतः डोळे मिटून बोलत राहिले, त्यामुळे त्यांना कळलं नाही. शेवटी म्हणाले, "आता अगदी हळुवार डोळे उघडा." मिटलेले डोळे तिथे त्यांचे होते आणि मॅडमचे. त्यांनी उघडले. मॅडमनी उघडले नाहीत. शिरडवाली म्हणाली, "साहेब, मोठ्या बाईला लई गुण आला."

जेलरसाहेबांना या झोपेचा राग होता. माणूस सरळ होता, पण त्यांना कागदावर काहीतरी लागे. मॅडमचे अहवाल सगळे एकसारखे: तब्येत ठीक, झोप ठीक, भूक ठीक. मी एकदा म्हटलं, मॅडम, निदान थोडं वेगवेगळं लिहूया. त्या म्हणाल्या, "जे लिहिलं जातं ते कोर्टात जातं. जे ठीक आहे ते कुठे जात नाही."

त्या एवढ्या झोपत कशा, हे मला खूप उशिरा कळलं, तेही परतीच्या गाडीची वाट बघताना. घरी त्यांची आई होती, म्हातारी, डोक्याने भरकटलेली. दिवसा शेजारची बाई सांभाळायची. रात्री म्हातारी उठून दाराशी जायची, कडी काढायची आणि लहानपणच्या गावाला निघायची. एकदा ती पहाटे स्टेशनवर सापडली होती. तेव्हापासून मॅडम रात्री दाराला खाट लावून त्या खाटेवरच बसून असत. लग्न केलेलं नव्हतं. भाऊ होता, तो लांब.

"रात्रभर?" मी विचारलं.

"मध्ये मध्ये डुलकी. तिला कळतं मी डुलकते ते. लगेच उठते." त्या स्टँडच्या बाकावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. "तुरुंगासारखी झोप कुठे लागत नाही बघा. दार दुसरं कोणीतरी लावतं."

मी उठून गाडी लागली का ते बघून आले. 

आता गोरेगाववालीबद्दल सांगते, कारण मॅडमचं काम गेलं ते तिच्यामुळे.

ती सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या बाजूची. शेरडं राखणारी, थोडीशी कोरडवाहू जमीन. नवरा फवारणीचं औषध पोटात जाऊन मेला, शेतात, बाभळीखाली. पोलिसांचं म्हणणं, हिने पाजलं. तिचं म्हणणं, ती दिवसभर शेरडांमागे दूर होती, दिवस कलताना आली तेव्हा तो गार पडलेला होता. त्या दुपारी तिला कोणी बाभळीपाशी पाहिलं नव्हतं. ती तिथे होती की नव्हती, एवढ्यावर सगळा खटला अडकला होता. आत येऊन तिला वर्ष होत आलं होतं. तिचा डावा हात मनगटाशी वाकडा होता, कधीतरी मोडून तसाच जुळलेला. कपडे पिळताना ती एक टोक दातात धरायची. त्या हाताबद्दल खोलीत कोणीच काही विचारत नसे. तशा मनगटाच्या आणखी दोघी तिथे होत्या.

ती बोलली तो मंगळवार होता. बाकीच्या बायका अंगणात वाळवणाला गेल्या होत्या. खोलीत मॅडम, मी आणि ती. मॅडम नेहमीसारख्या भिंतीला टेकून, डोळे मिटलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी कोपऱ्यात. शिपाईबाई दाराबाहेर अंगणाकडे तोंड करून बसलेल्या. गोरेगाववाली मॅडमच्या जवळ सरकली, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल एवढी, आणि त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत हळू आवाजात म्हणाली,

"मी गेले तं त्यो मरून राहिला व्हता. मी बसून राहिले. शेरडं चरून राहिले. मंग ऊन उतरलं."

एवढंच. पुन्हा एकदा तेच म्हणाली, त्याच शब्दांत. मग उठली आणि अंगणात गेली.

पुण्यात ही वाक्यं कोणी ऐकली असती तर त्याला वाटलं असतं, तो मरून पडलेला होता आणि ही सुन्न होऊन बसली. म्हणजे तिने पोलिसांना सांगितलं तेच, की ती आली तेव्हा तो गेलेला होता. पण इकडे जेवून राहिले म्हणजे जेवते आहे, येऊन राहिला म्हणजे येतो आहे. मरून राहिला व्हता म्हणजे मरत होता. तो मरत होता, ती बसली होती, शेरडं चरत होती. दुपारभर. तेवढे महिने तिथे काढल्यावर मला हे समजत होतं. समजलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्या कोपऱ्यात बसून मला वाटलं.

मी मॅडमकडे पाहिलं. डोळे मिटलेलेच होते. नाकातला तो बारीक आवाज येत होता की नाही, ते मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. आठवत नाही.

शिपाईबाईंना शब्द ऐकू आले नव्हते, पण तिचे ओठ हललेले त्यांनी वळून पाहिले होते. वर्षभर मुकी बसलेली बाई बोलली, याचं त्यांना कौतुक वाटलं. त्यांनी ते जेलरसाहेबांना सांगितलं, चांगल्या मनानेच. जेलरसाहेबांकडून ते फौजदारांच्या कानावर गेलं. शुक्रवारी आम्ही पोहोचलो तेव्हा फौजदार जेलरसाहेबांच्या खोलीत बसलेले होते.

"या मॅडम," ते उठून म्हणाले. "तुमचं अभिनंदन. आम्ही वर्षभर डोकं फोडलं, तुम्ही बोलतं केलं. काय म्हणाली?"

मॅडम उभ्याच राहिल्या. "कोण?"

"गोरेगाववाली. तुमच्या कानाशी बसून बोलली म्हणे मंगळवारी."

"बोलली असेल. मी झोपले होते."

फौजदार हसले. त्यांना वाटलं, गंमत आहे. "मॅडम, खुनाचा मामला आहे. फक्त एवढं सांगा, ती तिथं होती का न्हाई. बाकी आमी बघतो. साक्षीला बोलवू, मान देऊन बोलवू."

"झोपलेल्या माणसाची साक्ष घेता का तुम्ही?" मॅडम म्हणाल्या. "मी रोज झोपते. आल्यावर सतरंजी टाकते आणि झोपते. जेलरसाहेबांना माहीत आहे, त्यांनी दोनदा तोंडी सांगितलंय मला. शिपाईबाईंना विचारा."

शिपाईबाईंना आत बोलावलं. त्या दारातच घुटमळल्या, एकदा मॅडमकडे बघत, एकदा साहेबांकडे.

"सांगा हो," मॅडम म्हणाल्या. "मी झोपते का नाही?"

"झोपतात, साहेब," शिपाईबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या. "घोरतात बी."

जेलरसाहेबांचे कान लाल झाले. त्यांना मॅडमची लाज वाटत होती, आणि फौजदारांसमोर आपल्या तुरुंगाची जास्त. ते म्हणाले, "मॅडम, असं असेल तर मला वर कळवावं लागेल."

"कळवा."

"तुमच्या वयाच्या बाईने... सरकारी जागेत येऊन... मग करता काय तुम्ही इथे?"

"तेच मी पण कधी कधी विचारते," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात उपहास नव्हता. थकवा होता, रोजचाच.

मग फौजदारांनी मान माझ्याकडे वळवली. मला आधीपासून माहीत होतं की ती वळणार.

"अन् या? या तर जाग्या असतील."

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मॅडमनी पाहिलं नाही. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या, तिथे एक शिपाई सायकलच्या चाकात हवा भरत होता. मी हात मागे बांधून ताठ उभी राहिले, शाळेत पाठ म्हणायला उभं केलं की राहायची तशी.

"मी जागी होते," मी म्हटलं. "पण त्या भराभर बोलल्या. मला इकडची बोली नीट कळत नाही."

"मराठीच हाय ना ती?"

"माझी शाळा इंग्लिश मीडियमची होती."

फौजदार माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग जेलरसाहेबांना म्हणाले, "घ्या. एक झोपते, दुसरीला मायबोली समजत न्हाई. संस्थेनं निवडून निवडून पाठवलंय." आणि टोपी उचलली.

त्या दिवशी आम्ही बायकांच्या खोलीत गेलोच नाही. स्टँडवर परत आलो. परभणीची गाडी यायला वेळ होता. मॅडमनी भेळ घेतली, कागदाच्या सुरळीतून हळूहळू खाल्ली, मला विचारलंही नाही. मीच शेवटी बोलले.

"मॅडम, तुम्हाला खरंच झोप लागली होती?"

त्यांनी सुरळी चुरगाळून बाकाखाली टाकली. मग माझ्याकडे वळल्या.

"तुम्हाला ती बोली खरंच कळत नाही?"

मी वाकून बाकाखालची ती सुरळी उचलली.

"मग झालं," त्या म्हणाल्या.

गाडी आली. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या. गाडी स्टँडच्या बाहेर वळायच्या आत त्यांची मान काचेला लागलेली मला दिसली.

त्यानंतर त्या हिंगोलीला आल्या नाहीत. जेलरसाहेबांनी वर लिहिलं, वरून संस्थेला पत्र गेलं आणि संस्थेने त्यांना थांबायला सांगितलं. कामाच्या वेळी झोपणे, असं कारण. नांदेड आणि परभणीही गेलं. संस्थेच्या बाई फोनवर मला म्हणाल्या, "एवढा अनुभव असलेल्या बाईंनी असं करावं? तुम्ही आधीच सांगायला हवं होतं." मी हो म्हटलं. त्यांच्या जागी दुसरं कोणी मिळेपर्यंत मलाच एकटीने जायला सांगितलं.

दिवाळीनंतर मी परभणीला त्यांच्या घरी गेले. भरदुपारी दाराला आतून खाट लावलेली. शेजारच्या बाईचे पैसे आता परवडत नव्हते, त्यामुळे दिवसाही मॅडमच राखण करत होत्या. त्यांनी खाट सरकवून मला आत घेतलं आणि पुन्हा दाराशी लावली. म्हातारी कॉटवर बसून माझ्याकडे टक लावून बघत होती. "तू कुणाची गं?" तिने विचारलं. मी सांगितलं. जरा वेळाने तिने पुन्हा विचारलं. मॅडमनी चहा केला. त्यांचे डोळे लाल होते, पापण्या सुजलेल्या. तुरुंगातल्या कोणाबद्दलही त्यांनी विचारलं नाही. गोरेगाववालीचा खटला अजून चालू आहे, असं मी आपणहून सांगायला लागले तेव्हा त्यांनी हात वर केला.

"मला त्यातलं काही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी झोपले होते."

म्हातारी म्हणाली, "ही झोपत नाही हो कधी. माझ्यावर डोळा ठेवते." मॅडमनी तिच्या हातातला कप काढून घेतला. मला दारापर्यंत पोहोचवायला आल्या, खाट सरकवली. "तुम्ही येत जाऊ नका," म्हणाल्या. "गाडीचा प्रवास वाईट आहे." त्या मला पुन्हा भेटल्या नाहीत.

खटल्याचा निकाल लागला तेव्हा आम्ही हिंगोली सोडली होती. गोरेगाववाली पुराव्याअभावी सुटली, असं शिपाईबाईंनी कळवलं. पण मला तो निकाल तितका आठवत नाही, जितका त्याआधीचा एक शुक्रवार आठवतो.

मी एकटी जायला लागल्यावर बायका माझ्याशी बोलत नसत. मी झोपू शकत नव्हते, आणि जाग्या माणसासमोर त्यांना काही सुचत नव्हतं. गोरेगाववाली तर माझ्याकडे पाठ करून बसायची. त्याचं कारण मला कळमनुरीवालीने सांगितलं. फौजदार तिच्याकडे जाऊन म्हणाले होते, तू ज्या बाईला सांगितलंस ती झोपली होती, अन् त्या दुसरीला तुझी भाषा समजत न्हाई. आता मला सांग. तिने त्यांना काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून ती जेवायचीही नीट नाही. आयुष्यात एकदा तोंड उघडलं, आणि समोर कोणीच नव्हतं.

मला तिला सांगायचं होतं. पण शिपाईबाई आता बाहेर बसत नसत. फौजदारांनी त्यांना कान उघडे ठेवायला सांगितलं होतं, आणि त्या उंबऱ्याच्या आत स्टुलावर बसून लसूण सोलत असत. त्या शुक्रवारी खोलीत सगळ्या बायका होत्या. अचानक गोरेगाववाली माझ्याकडे वळली.

"लहान बाई, तुला आमचं बोलणं समजत न्हाई म्हणे."

"थोडं थोडं समजतं," मी म्हटलं.

"किती थोडं?" ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती. "असं समज, मी रानात गेले. अन् तुला येऊन सांगितलं, गेले तवा शेळी मरून राहिली व्हती. तं तू काय समजशील?"

लसूण सोलणारे हात थांबले. मी एकेक शब्द नीट लावून म्हटलं,

"शेळी मेलेली होती. तुम्ही जाण्याच्या आधीच मेली होती. तुम्हाला करण्यासारखं काही राहिलं नव्हतं."

खोलीत हशा पिकला. शिरडवाली पोट धरून हसली. शिपाईबाई म्हणाल्या, "अवो लहान बाई, उलटंच समजल्या की तुमी. मरून राहिली म्हंजे मरायलीय, जीव हाय अजून. एवढे दिस आमच्यात राहून काय शिकल्या?"

"मडमेच्या शाळेतली हाय ती," कळमनुरीवाली म्हणाली. "तिला काहून हसता?"

गोरेगाववाली हसली नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचं बघणं हळूहळू बदलत गेलं. तिने आपलं वाकडं मनगट दुसऱ्या हातात धरलं आणि कुरवाळत राहिली.

"हसू नका," ती बाकीच्यांना म्हणाली. "बराबर समजलं तिला."

शिपाईबाईंनी मान हलवली आणि पुन्हा लसणाकडे वळल्या. बायकांचं बोलणं दुसरीकडे गेलं, भाकरीचं पीठ जाड येतं त्यावर. गोरेगाववाली माझ्याजवळ सरकली. मग विचारलं,

"अन् मोठ्या बाई?"

स्टूल दोन हातांवर होतं.

"त्या झोपल्या होत्या," मी म्हटलं.

तिने मान डोलावली. माझ्यावरची नजर तिने काढली आणि भिंतीपाशी मॅडम बसायच्या त्या जागेकडे पाहिलं.

"निजू दे," ती म्हणाली. "लई थकेल व्हती ती."